जगतील तेवढंच

हवालदार पावरांनी कुलूप काढलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. ठाण्याच्या मागच्या बाजूची, पूर्वी जुन्या फायली ठेवायची खोली होती ती. जमिनीवर चोवीस बादल्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक बादलीत एक गांजाचं रोप भिंतीला नाहीतर शेजारच्या रोपाला टेकून उभं होतं. माती कुठेच नव्हती. पांढरी, केसांसारखी मुळं पाण्यात लोंबत होती आणि काही ठिकाणी ती पिवळी पडायला लागली होती. पानांनी माना टाकल्या होत्या.

"रोज पाणी बदलतो मी," पावरा म्हणाले. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तरी असं."

कुठलं पाणी, असं मी विचारलं. बोअरचं, असं ते म्हणाले. आमच्या तापीकाठच्या गावात बोअरचं पाणी कपड्यालासुद्धा साबण लागू देत नाही. मी एक रोप उचलून मुळं बघितली. दोन दिवसांत ही सगळी मेली असती.

मी तेव्हा गावातल्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या शिकवत होते. वय सेहेचाळीस. पीएच.डी. केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांवर केलेली. प्राचार्यांनी बोलावून पोलिसांचं पत्र हातात दिलं होतं: जप्त केलेली रोपं कोर्टाची तारीख येईपर्यंत जिवंत ठेवण्यासाठी तज्ज्ञ व्यक्ती मिळावी. प्राचार्यांना त्यात गंमत वाटत होती. मला नव्हती वाटत, पण नाही म्हणायलाही कारण नव्हतं.

तपास उपनिरीक्षक इंगळेंकडे होता. पस्तिशीचा, शांत बोलणारा माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सरळ मुद्द्याचं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अशीच एक केस केली होती. पकडलेली झाडं गोणीत भरून ठेवली, कोर्टापुढे जाईपर्यंत त्यांचा कचरा झाला. बचावाच्या वकिलाने विचारलं, यातलं झाड कुठलं आणि पालापाचोळा कुठला, ते दाखवा. दाखवता आलं नाही. आरोपी सुटला.

"या वेळी मला झाडं उभी हवीत," इंगळे म्हणाले. "न्यायाधीश साहेबांसमोर मोजायची, तोलायची, नमुने काढायचे. जुन्या साहेबांची बदली झालीय, नवे यायचेत. सव्वीस दिवसांनंतरची तारीख आहे."

छापा पडला तेव्हा रोपं तोलली का नाहीत, असं मी विचारलं नाही. मला तेव्हा ते विचारायचं सुचण्याचं कारणच नव्हतं. नंतर कळलं की ती आडव्या पाईपांमधल्या वाहत्या पाण्यात लावलेली होती. पोलिसांनी पाईप करवतीने कापले, रोपं उपटून बादल्यांत घातली आणि पंचनाम्यात लिहिलं: चोवीस झाडे, उंची अंदाजे दीड फूट, फुलोरा नाही.

रोपं ज्याची होती तो माणूस पुढच्या बाजूला कोठडीत होता. मुरलीधर नेहेते, वय छप्पन्न. एका केळी ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत एकवीस वर्षं तंत्रज्ञ होता. ती प्रयोगशाळा बंद पडल्यावर घरीच होता. राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर त्याने ही रोपं वाढवली होती. कोणासाठी, हे तो सांगत नव्हता. पोलिसांशी तो जवळजवळ बोलतच नव्हता.

"पण झाडांचं विचारलं की बोलतो," इंगळे म्हणाले. "काल पावराला म्हणाला, बोअरचं पाणी घालू नका. तुम्ही विचारून बघा. तुमची भाषा त्याला कळेल."

कोठडीत तो भिंतीला पाठ लावून बसला होता. आम्ही आलो तसा उठून उभा राहिला. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा, स्वच्छ दाढी करणाऱ्यांपैकी माणूस, पण दोन दिवसांची दाढी वाढलेली. मी कोण ते सांगितलं. माझं नाव त्याला माहीत होतं. मी त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना घेऊन एकदा आले होते, असं तो म्हणाला. मला तो आठवला नाही.

मी विचारलं की रोपांना आता कशात लावायचं. पाईप राहिले नव्हते आणि नुसत्या पाण्यात ती टिकणार नव्हती. माझ्यासमोर तीन पर्याय होते. महाविद्यालयाच्या रोपवाटिकेतली माती, नदीची वाळू, नाहीतर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा.

"माती नको," नेहेते म्हणाला. "पाण्यात वाढलेली मुळं आहेत, मॅडम. आपल्या काळ्या मातीत गुदमरतील. कोकोपीट घ्या. पण तुमच्याकडची वीट नवी असेल तर तीनदा धुवा. फार खारट असतं ते."

मी म्हटलं, धुतेच मी. आणि पाव हिस्सा जाड वाळू मिसळणार आहे, पिशव्या कलंडू नयेत म्हणून.

तो म्हणाला, "चांगलं होईल. निचराही राहील."

मग खतपाण्याचं विचारलं. पाण्यात खतं किती विरघळली आहेत हे एका छोट्या मीटरवर कळतं. त्या आकड्याला आम्ही ई.सी. म्हणतो. आकडा कमी तर रोप उपाशी, फार जास्त तर पानांची टोकं जळतात. त्याचा मीटर, त्याची खतांची डबी, दिवे, सगळं मुद्देमालात होतंच. मी म्हटलं, पहिले चारेक दिवस शून्य पूर्णांक आठ ठेवते, मुळं दुखावलीत म्हणून. मग हळूहळू वाढवत एक पूर्णांक आठपर्यंत नेते.

"एक पूर्णांक दोन," तो म्हणाला. "एक-दोनच्या वर नेऊ नका."

"या वयाच्या रोपाला एक-दोन कमी आहे."

"मरणार नाहीत."

"मरणार नाहीत, पण वाढणारही नाहीत. नुसती राहतील."

"मॅडम, जगतील तेवढंच द्या," तो म्हणाला. "आणि दिवा अठरा तास चालू ठेवा. रोज. अठरा तासांच्या खाली आणू नका."

इंगळे माझ्या शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले की हा आता डॉक्टरांना शिकवायला लागला. ते मला लागलं. माझ्याहून कमी शिकलेल्या एका माणसाने, तेही कोठडीतल्या, एका अधिकाऱ्यासमोर मला आकडा सांगितला होता आणि कारण दिलं नव्हतं. मी कारण विचारलं. नेहेतेने इंगळेंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "माझा अनुभव आहे."

एवढंच. मी ते प्रयोगाच्या रजिस्टरमध्ये लिहून घेतलं: आरोपीच्या मते १.२. आणि त्याच्या पुढे, कंसात, एक प्रश्नचिन्ह.

दुसऱ्या दिवशी मी आणि पावरांनी मिळून सगळी रोपं पिशव्यांमध्ये लावली. महाविद्यालयातून धुतलेलं कोकोपीट आलं, नदीची चाळलेली वाळू आली, रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या आल्या. पावरा पन्नाशीचे होते आणि त्यांचा हात हलका होता. मुळं कशी धरायची हे त्यांना एकदाच दाखवावं लागलं. लावण्याआधी मी तीन रोपं निथळून महाविद्यालयाच्या ताणकाट्यावर तोलली. रोप रोज किती पाणी पितं त्याचा अंदाज ठेवायला वजन लागतं, सवयीची गोष्ट. तिन्हींची सरासरी तीनशे पंधरा ग्रॅम आली. सगळ्यांची उंचीही घेतली. हे सगळं मी त्याच रजिस्टरमध्ये लिहिलं, जसं विद्यार्थ्यांना लिहायला सांगते तसं. तारीख, वेळ, खाली सही.

चार दिवसांत रोपांनी माना वर केल्या. सातव्या दिवशी नवी पानं दिसली. तोवर नेहेतेची पोलीस कोठडी संपून त्याला जिल्ह्याच्या तुरुंगात पाठवलं होतं.

दिव्यांबद्दल मी इंगळेंशी बोलले. त्यांनी अडचण सांगितली. त्या खोलीला लागूनच शिपायांची झोपायची जागा होती, मध्ये नुसती जाळी. रात्रभर तो पांढरा उजेड आणि पंख्यांची घरघर चालली असती तर कोणी झोपू शकलं नसतं. सकाळी सहाला लावायचे, संध्याकाळी सहाला बंद करायचे, चालेल का? मी म्हटलं, चालेल.

खरं तर मला माहीत होतं काय होईल ते. हे झाड शेवंतीसारखं आहे. दिवस लांब असेल तोवर नुसतं वाढतं, रात्र लांब मिळाली की फुलोरा धरतं. मी हे इंगळेंना सांगितलंही. त्यांनी विचारलं, फुलोरा आला तर झाडाला काही अपाय? मी म्हटलं, अपाय काही नाही. मी आग्रह धरला असता तर त्यांनी शिपायांची सोय दुसरीकडे केली असती. मी धरला नाही. त्यात शिपायांची झोप हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं हे, की मी अठरा वर्षं वनस्पती शिकवत होते आणि हे झाड फुलताना कधी बघितलं नव्हतं. पुन्हा कधी बघायला मिळणार नव्हतं.

आणि एक-दोनचं. दहाव्या दिवशी मी एक-दोनला पोचले. रोपं ठीक होती, हिरवी होती, पण हळू चालली होती. मी दोन दिवस थांबले. मग एक-चार केलं. त्या आठवड्यात त्यांनी जी उसळी घेतली ती मी केळीतसुद्धा बघितली नव्हती. मग एक-सहा. मग एक-आठ. एकाही पानाचं टोक जळलं नाही. कोकोपीट आणि वाळूचं माझं प्रमाण इतकं जमून आलं होतं की मुळं पिशवीच्या तळातून बाहेर डोकावत होती. मी रोज सकाळी तास सुरू व्हायच्या आधी ठाण्यात जायचे, मीटर बुडवायचे, रजिस्टर भरायचे. नवरा चेष्टेने म्हणायचा की तू आता आरोपीपेक्षा जास्त वेळ ठाण्यात असतेस. मला ते महिन्याभराचं काम आवडत होतं. महाविद्यालयात आमच्याकडे ना असे दिवे होते ना असा मीटर. सगळं त्या माणसाने निवडून घेतलेलं, उत्तम प्रतीचं होतं, आणि मी ते त्याच्यापेक्षा चांगलं चालवून दाखवत होते. असंच माझ्या मनात होतं.

अठराव्या दिवशी पहिला फुलोरा दिसला.

त्याच्या दोन-तीन दिवसांनी पावरा नेहेतेला तारखेसाठी तुरुंगातून कोर्टात घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी देत असताना ते म्हणाले, "मॅडम, त्या नेहेतेने विचारलंय. किती देताय म्हणून."

मी म्हटलं, "एक-आठ. आणि त्याला सांगा, एकही पान जळलेलं नाही."

दोन दिवसांनी त्याला पुन्हा कोर्टात न्यायचं होतं, तेव्हा पावरांनी तसं सांगितलं. काय म्हणाला, असं मी विचारलं.

"काही नाही म्हणाला. दिव्याचं विचारलं, मी म्हटलं बारा तास. मग खाली बघत बसला."

मला वाटलं, ओशाळला असेल.

सव्वीसाव्या दिवशी नवे न्यायाधीश आले. ठाण्याच्या अंगणात ताडपत्री अंथरली, तहसीलमधून तपासलेला काटा आणला. नेहेतेला आणलं होतं, त्याच्याबरोबर त्याच्या वकील होत्या, कुमुद अत्तरदे. रोपं बाहेर काढली तेव्हा जमलेले लोक कुजबुजले. काही कमरेच्या वर आली होती. शेंडे फुलोऱ्याने जड झाले होते आणि सबंध अंगणात तो उग्र वास सुटला होता. न्यायाधीशांनी विचारलं की ही जिवंत कोणी ठेवली. इंगळेंनी माझं नाव सांगितलं. न्यायाधीशांनी मान हलवली. मला बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही.

रोपं मुळापासून वर कापली आणि गठ्ठे करून तोलली. देठ, पानं, फुलोरा, सगळं एकत्र. अत्तरदेंनी त्यावर हरकत घेतली, ती लिहून घेतली गेली आणि तोलणं चालू राहिलं. शेवटचा गठ्ठा उतरवल्यावर कारकुनाने बेरीज वाचून दाखवली. वीस किलो सहाशे चाळीस ग्रॅम.

नेहेते ताडपत्रीच्या पलीकडे पावरांच्या शेजारी उभा होता. आकडा ऐकल्यावर त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

सगळे पांगल्यावर इंगळे माझ्याकडे आले. ते खुशीत होते. म्हणाले, "मॅडम, वीसच्या वर गेलं."

मी म्हटलं, म्हणजे काय?

तेव्हा त्यांनी सांगितलं. वीस किलोच्या आत असतं तर केस वेगळी होती. जामीन पंधरा दिवसांत झाला असता. वीसच्या वर गेलं की तो माल व्यापारी प्रमाणातला. मग जामीन जवळजवळ होतच नाही, आणि शिक्षा झालीच तर दहा वर्षांपासून पुढे. त्याच्या वकिलाला हे पहिल्याच दिवशी माहीत असणार, असं ते म्हणाले. कोठडीत त्या भेटून गेल्या होत्या. तुम्ही आलात त्याच्या आदल्याच दिवशी.

मी खोलीत परत गेले. रिकाम्या पिशव्यांत बुंध्यांचे खुंट उभे होते. मी मीटर पुसून डबीत ठेवला, मुद्देमालाच्या यादीवर सही केली आणि दुपारच्या तासाला वर्गावर गेले.

एक-दोन हा रोपांसाठीचा आकडा नव्हता. त्याला ती मरायलाही नको होती, कारण मेली असती तर पुरावा नष्ट केल्याचा आळ आणखी आला असता, आणि वाढायलाही नको होती; अठरा तास दिवाही त्यासाठीच, फुलोऱ्याचं वजन चढू नये म्हणून. पोलिसासमोर त्याला यापेक्षा जास्त बोलता येत नव्हतं. जेवढं बोलता येत होतं तेवढं तो बोलला होता.

यानंतर मी काय केलं, तर काही नाही. रजिस्टर माझ्या कपाटात होतं. पहिल्या दिवसाचं वजन त्यात लिहिलेलं होतं. तीनशे पंधरा गुणिले चोवीस, हा गुणाकार मी त्या दिवशी वर्गावर जाता जाताच केला होता: साडेसात किलो. उरलेले तेरा किलो मी वाढवलेले होते. प्राचार्यांना मी एकदा विचारलं की हे कोणाला सांगायला हवं का. ते म्हणाले, आपण साक्षीदार आहोत, वकील नाही, बोलावतील तेव्हा विचारतील ते सांगायचं. हे बरोबरच होतं. मी ते ऐकून सुटल्यासारखी उठले. त्याचा जामीन एकदा फेटाळला गेला, मग वरच्या कोर्टातही फेटाळला गेला, या बातम्या मी वर्तमानपत्रात वाचल्या. त्याचं राहतं घर सुटलं, बायको तिच्या भावाकडे गेली, हे पावरांकडून कळलं. नेहेते गुन्हेगार होता, त्याने खरोखरच गांजा लावला होता, हे मी स्वतःला सांगत होते आणि ते खोटं नव्हतं.

समन्स आलं ते दोन वर्षं दोन महिन्यांनी. इंगळेंची तोवर बदली झाली होती, पण साक्षीच्या आदल्या दिवशी ते महाविद्यालयात येऊन गेले. साक्ष साधी आहे, असं म्हणाले. रोपं तुम्ही सांभाळली, ती गांजाचीच होती, अदलाबदल झाली नाही, बस. निघताना दारातून वळून म्हणाले, "रजिस्टर वगैरे आणायची गरज नाही."

मी ते पिशवीत घातलं. साक्षीत काढायचंच असं काही ठरवलं नव्हतं. घरी ठेववलं नाही, इतकंच.

जिल्ह्याच्या कोर्टात नेहेते आरोपीच्या पिंजऱ्यात बसला होता. केस पूर्ण पांढरे झाले होते. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढं मी सांगितलं. मग अत्तरदे उठल्या. त्यांनी फुलोऱ्याबद्दल विचारलं, मी म्हटलं, ताब्यात आली तेव्हा नव्हता. उंचीबद्दल विचारलं, मी सांगितलं. खतं कोणी घातली, मी. दिवे किती तास, बारा. त्या कागद चाळत होत्या आणि आता खाली बसणार असं दिसत होतं. बसता बसता त्यांनी, वकील विचारतात तसा, एक शेवटचा प्रश्न टाकला. त्याचं उत्तर त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"म्हणजे छाप्याच्या वेळी या रोपांचं वजन किती होतं, हे आज कोणालाही माहीत नाही, असं म्हणणं बरोबर आहे?"

हो म्हणायचं होतं फक्त. सरकारी वकिलांना त्याने फारसं काही झालं नसतं. ते आपल्या कागदांतून वरही बघत नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत आहे."

अत्तरदे बसल्या नाहीत. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि कसं माहीत आहे, असं विचारलं. मी पिशवीतून रजिस्टर काढलं. सरकारी वकील उठून म्हणाले की हा कागद तपासाच्या कागदपत्रांत नाही, तो घेता येणार नाही. पंधरा-वीस मिनिटं त्यावर बोलणं झालं. त्या वेळात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते आणि रजिस्टर माझ्या हातात होतं. शेवटी ते घेतलं गेलं. मग न्यायाधीशांनी मला विचारलं की दोन वर्षं हे तुम्ही कोणाला का सांगितलं नाही.

मी म्हटलं, "कोणी विचारलं नाही."

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी आरोपीने खतपाण्याचं प्रमाण किती सांगितलं होतं तेही विचारलं, कारण पानावर ते लिहिलेलं होतं. एक-दोन, मी सांगितलं. आणि तुम्ही किती दिलं? एक-आठ. का? मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात ते म्हणाले, राहू द्या.

निकाल दोन महिन्यांनी लागला. गांजाची लागवड केली हे सिद्ध झालं. व्यापारी प्रमाणाचं कलम टिकलं नाही. अडीच वर्षं शिक्षा झाली, त्यातली दोन वर्षं चार महिने तो आत होताच. राहिलेले दोन महिने भोगून तो सुटला.

मी लगेच गेले नाही. वर्ष होऊन गेल्यावर पावरा एकदा बाजारात भेटले. ते निवृत्त झाले होते. त्यांनी सांगितलं की नेहेते गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत कामाला आहे, तिथेच मागे दोन खोल्यांत राहतो, बायकोही परत आलीय. एका रविवारी सकाळी मी गेले.

तो केळीच्या रोपांच्या ट्रेमध्ये वाकून काहीतरी करत होता. मला बघून हात धुतले, या म्हणाला. घरात नेलं, प्लॅस्टिकची खुर्ची पुसून दिली. आतून त्याच्या बायकोने डोकावून बघितलं. मी नमस्कार केला, तिने केला आणि ती आत गेली. थोड्या वेळाने स्टोव्हचा आवाज यायला लागला.

आम्ही केळीबद्दल बोललो. त्या वर्षी करप्याने सगळ्यांची दाणादाण उडवली होती. रोपवाटिकेच्या मालकाने विजेची बचत म्हणून पंखे बंद ठेवले आणि कशी दोन हजार रोपं गेली ते त्याने सांगितलं. मग दोघांचंही बोलणं संपलं.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही मला सांगितलं होतंत. मला ते कळलं नाही. आणि कळलं, त्यानंतरही मी दोन वर्षं गप्प बसले. हे सांगायला आलेय."

बायकोने चहाचे दोन कप आणून स्टुलावर ठेवले आणि दाराला टेकून उभी राहिली.

"मॅडम," तो म्हणाला, "सगळे मला सांगतात, तुम्ही कोर्टात खरं बोललात म्हणून मी बाहेर आहे. वकीलबाईही सांगतात. ही पण सांगते. बाईंना भेटून ये, आभार मान." त्याने एक कप उचलून माझ्या हातात दिला. "मी दोनदा निघालो होतो तुमच्याकडे यायला. एकदा तर कॉलेजच्या फाटकापर्यंत आलो. पण नाही जमलं. आजही जमत नाही. राग नका मानू."

मी म्हटलं, नाही मानत.

"चहा घ्या," तो म्हणाला.

चहा फार गरम होता. मी तो बशीत ओतून सावकाश प्यायले, कारण कप अर्धा ठेवून उठणं बरं दिसलं नसतं. तोवर तो समोर बसून राहिला. मग मला फाटकापर्यंत सोडायला आला, स्कूटरचं तोंड रस्त्याकडे वळवून दिलं आणि मी सुरू करायच्या आत ट्रेकडे परत गेला.